पट्टी क्रमांक अनडिफाइंड

माझ्या टेबलाच्या खणात आडत दुकानाची एक पट्टी जपून ठेवलेली आहे. डॉट मॅट्रिक्सवर छापलेली. सोयाबीन, ११ क्विंटल ४० किलो, भाव २,८०० रुपये, एकूण ३१,९२० रुपये, खाली हमाली-तोलाईची वजावट. हिशोब पैशापर्यंत बरोबर आहे. फक्त वर, जिथं पट्टीचा क्रमांक असायला हवा, तिथं इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आहे : अनडिफाइंड, म्हणजे 'इथं काही भरलेलंच नाही'.

ती पट्टी माझ्या कोडनं छापली होती. २०१६ सालचा दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि नंतर पाऊस असा पडला की शेतातलं सोयाबीन घरात ठेवायला जागा नाही. मार्केट यार्डात कट्ट्यांच्या थप्प्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. माझे वडील, अण्णा, तिथल्या एका आडत दुकानात तीस वर्षं मुनीम. त्या दुकानासाठी मी नोडवर (जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्रॅम ब्राउझरबाहेर चालवणारी व्यवस्था) एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काट्यावरून वजन घ्यायचं, शेतकऱ्याचं खातं शोधायचं, पोटलीत (यार्डातल्या सौद्यात) निघालेला भाव लावायचा, पट्टी जतन करायची, छापायची आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसएमएस पाठवायचा. एवढंच.

तिसऱ्या दिवशी औसा तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी दोन पट्ट्या घेऊन दुकानात आले. एकीवर क्रमांक २१७, दुसरीवर तो इंग्रजी शब्द. मोबाईलवर एसएमएसही दोन. "मुनीमजी, एका पट्टीचे पैसे भेटले. दुसरीचे कधी?" त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी त्या शब्दाचा अर्थ त्यांना कोण सांगणार होतं? दुसऱ्या पट्टीच्या भरवशावर त्यांनी हरभऱ्याचं बियाणं आणि खत उधारीवर उचललं होतं. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, वही उघडून दाखवली की माल एकदाच आला, कट्टे एवढेच होते. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. भांडले नाहीत. ती पट्टी टेबलावर ठेवून उठले. त्यांचं ते न भांडता उठणं अण्णांना फार लागलं.

रात्री जेवताना अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला. "पोरी, वहीत चुकलं की माझा हात तिथंच थांबतो. तुझं मशीन पुढं कसं काय लिहीत गेलं?"

हा प्रश्न मी अजून जपलाय, त्या पट्टीइतकाच.

झालं होतं ते असं. पट्टी जतन होत असतानाच शेठजींच्या खोलीतल्या संगणकावर दिवसाचा गोषवारा काढायला घेतला होता, म्हणून डेटाबेस अडकला आणि जतन करणारं फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) चूक घेऊन परत आलं. माझ्या कोडमध्ये चूक आली का हे तपासणारी ओळ होती. चूक आली असेल तर शेवटच्या कॉलबॅकला (काम संपल्यावर बोलावायचं फंक्शन) ती कळवायची, हेही होतं. नव्हता तो 'रिटर्न', 'इथंच थांब' सांगणारा शब्द. म्हणजे कोडनं पडद्यावर लाल चौकट दाखवली आणि तसाच पुढच्या ओळीवर गेला, नसलेला क्रमांक घेऊन पट्टी छापली, एसएमएस पाठवला, आणि शेवटचा कॉलबॅक दुसऱ्यांदा बोलावून लाल चौकट हिरवी केली. तोवर अण्णांनी लाल बघून पुन्हा बटण दाबलं होतं. छपाईयंत्रातून दोन पट्ट्या निघाल्या, दुकानातल्या पोरानं दोन्ही फाडून शेतकऱ्याच्या हातात दिल्या.

एक शब्द राहिला होता. पण मी रात्रभर तो कोड वाचला तेव्हा लक्षात आलं की तो शब्द राहणारच होता. सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर तीच तपासणी, तेच कळवणं, तेच थांबणं. जी गोष्ट माणसाला सहा वेळा सारखीच लिहावी लागते ती तो एकदा तरी विसरतो. दोष घाईचा असतो तसा रचनेचाही असतो, आणि घाई काही सोयाबीनच्या हंगामात कमी होत नाही.

कॉलबॅक म्हणजे काय, हे मी आता पोरांना यार्डातल्या भाषेतच सांगते. मुनीम पोराला चिठ्ठी देऊन काट्यावर पाठवतो आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पोरगा परत आला की काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. नोडमध्ये याच्या जोडीला एक रीत आहे : परत येणाऱ्या चिठ्ठीची पहिली ओळ तक्रारीसाठी राखीव. ती कोरी असेल तरच खालचं वाचायचं. रीत साधी आहे, शहाणी आहे. पण ती पाळायला कोणी भाग पाडत नाही. पहिली ओळ न वाचता थेट खालचा आकडा उचलला तरी भाषा तुम्हाला अडवत नाही.

मग 'ट्राय-कॅच', फुटलेली चूक पकडणारी रचना, का नाही लावलं, असं मला बरेच जण विचारतात. लावलं होतं. सगळ्या पायऱ्यांना बाहेरून मिळून एक ट्राय-कॅच होतं, आणि ते असून मला सुरक्षित वाटत होतं, हेच त्यातलं वाईट. ट्राय-कॅच म्हणजे बांधावर राखणीला बसलेला माणूस. तो दिवेलागणीला उठून घरी गेला आणि रानडुकरं मध्यरात्री आली. कॉलबॅक चालतो तेव्हा ज्या फंक्शननं तो सोपवला ते कधीच संपलेलं असतं, त्याचा स्टॅक (चालू कामांची चवड) मोकळा झालेला असतो. आता इव्हेंट लूप, आलेली उत्तरं एकेक करून वाटणारं नोडचं चक्र, त्याला नव्यानं बोलावतोय. तिथं काही फुटलं तर बांधावर कोणीच नसतं, चूक थेट प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) दारापर्यंत जाते आणि प्रोसेस पडते. तशी काळजी वाहणारं 'डोमेन' नावाचं मॉड्यूल नोडमध्ये एके काळी आलं होतं, पण ते पुढं वापरू नका असं नोडच्याच कागदपत्रांत लिहिलं गेलं. मी त्याच्या वाटेला गेले नाही.

लगेच उपाय केला नाही, हेही सांगते. त्या रात्री फक्त तो एक 'रिटर्न' टाकला आणि झोपले. मग ८ नोव्हेंबर आला, नोटा बंद झाल्या. रोखीचा धंदा थांबला, शेतकऱ्याचं बँक खातं आणि आयएफएससी तपासून घ्यायची एक पायरी वाढली, धनादेशाची नोंद ही आणखी एक. सहाच्या आठ पायऱ्या झाल्या. कोड पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन टेकला. आठवी तपासणी लिहिताना माझा हात थांबला, अण्णांचा थांबतो तसा.

तेव्हा लिहिलेलं फंक्शन हे. जावास्क्रिप्टमध्ये चलांची आणि फंक्शनांची नावं देवनागरीत दिलेली चालतात, त्यामुळे खालचं जसंच्या तसं चालतं :

चुकलं_तर = (शेवट, काम) => (चूक, ...माल) =>
  चूक ? शेवट(चूक) : काम(...माल)

बस. एवढंच आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या : चूक आली तर कुठं जायचं आणि नाही आली तर काय करायचं. ते त्या बदल्यात एक तयार कॉलबॅक देतं. तक्रारीची ओळ तोच वाचतो. तक्रार असेल तर तुमचं काम बोलावलंच जात नाही, म्हणजे 'रिटर्न' विसरायला जागाच उरत नाही. कामाच्या हातात येतो तो फक्त माल. मग पट्टीचा रस्ता, बँक आणि धनादेशाच्या पायऱ्या इथं सोडून, असा दिसू लागला :

पट्टी_कर = (गाडी, शेवट) =>
  वजन_वाच(गाडी, चुकलं_तर(शेवट, वजन =>
  खातं_शोध(गाडी, चुकलं_तर(शेवट, खातं =>
  भाव_आण(गाडी, चुकलं_तर(शेवट, भाव =>
  पट्टी_जतन(खातं, वजन, भाव, चुकलं_तर(शेवट, पट्टी =>
  छाप(पट्टी, शेवट)))))))))

शेवटी कंसांची माळ आहे, ती मला आवडत नाही. पण मोठ्यानं वाचून बघा : वजन वाच, चुकलं तर शेवट, खातं शोध, चुकलं तर शेवट. मी हे अण्णांना वाचून दाखवलं आणि त्यांना कळलं. कंस त्यांनी विचारलेसुद्धा नाहीत. त्यांनी विचारलं ते वेगळंच : "शेवटाला जाऊन ती चूक काय सांगती?"

आणि इथं माझी खरी फजिती होती. शेवटाला पोचणारी चूक काहीच सांगत नव्हती. पडद्यावर यायचं 'फाईल सापडली नाही' किंवा 'वेळ संपली'. कुठली फाईल? कशाची वेळ? आधी आठ ठिकाणी आठ तपासण्या होत्या तेव्हा निदान कुठल्या ओळीवरून आवाज आला ते कळत होतं. सगळ्या वाटा एका दाराशी आणल्या की दारात उभ्या माणसाला पाहुणा कुठून आला हे समजत नाही. सुटसुटीत करण्याच्या नादात बरेच जण इथं फसतात, म्हणून यावर जरा थांबते.

चूक पुढं पाठवताना तिच्या कपाळी पायरीचं नाव लिहायचं, ही दुरुस्ती मी केली. 'चुकलं_तर'ला आणखी एक शब्दसमूह द्यायचा, 'काट्यावरून वजन घेताना', 'खातं शोधताना' असा. चूक आली की नवी चूक तयार करायची, तिच्यात हा मजकूर आणि गाडीच्या गेटपावतीचा क्रमांक घालायचा आणि मूळ चूक आत तशीच ठेवायची, फेकायची नाही. आज जावास्क्रिप्टमध्ये यासाठी एररला 'कॉज' देण्याची सोय २०२२ च्या आवृत्तीपासून प्रमाणित आहे. तेव्हा मी हातानं जोडत होते. त्यानंतर पडद्यावर येऊ लागलं : 'गेटपावती ८४१, काट्यावरून वजन घेताना, केबलकडून उत्तर नाही'. मला फोन येणं निम्म्यावर आलं, कारण दुकानातलं पोरगंच जाऊन केबल घट्ट बसवायला लागलं.

एसएमएसचं काय, हे वर मुद्दामच सोडलं. जुन्या कोडात एसएमएस ही सहावी पायरी होती आणि तीही बाकीच्यांसारखीच. म्हणजे गावात टॉवर नाही किंवा एसएमएसवाल्याचा सर्व्हर झोपला, तर छापून झालेल्या, जतन झालेल्या पट्टीवर लाल चौकट. हे चूक आहे. कोडाची नव्हे, समजुतीची चूक. शेतकऱ्याला पट्टी मिळाली, वहीत नोंद झाली. एसएमएस नाही गेला म्हणून सौदा मोडत नाही. म्हणून तो मी साखळीतून बाहेर काढला. पट्टी झाली की एसएमएस एका यादीत जातो, त्याची चूक त्या यादीतच नोंदली जाते आणि संध्याकाळी राहिलेले पुन्हा पाठवले जातात. 'शेवट'ला त्यातलं काही कळवायचं नाही. कुठली चूक सगळं काम थांबवण्याइतकी मोठी आहे, हे कुठल्याही मदतनीस फंक्शनला ठरवता येत नाही. ते दुकानात बसून ठरवावं लागतं, आणि मी ते अण्णांच्या शेजारी बसून, प्रत्येक पायरीपाशी "हे नाही झालं तर माल उतरवायचा का?" असं विचारून ठरवलं.

डेटाबेस अडकण्याचंही तसंच. ती चूक पडद्यावर आणायचीच कशाला? थोडं थांबून पुन्हा जतन करायचं, तीन वेळा. पण पुन्हा प्रयत्न करायचा तर तीच पट्टी दोनदा जतन होणार नाही याची हमी हवी. गेटपावतीचा क्रमांक मी पट्टीच्या तक्त्यात एकमेव केला, म्हणजे एका पावतीवर दुसरी पट्टी डेटाबेसच नाकारतो. खरं सांगायचं तर म्हाताऱ्या शेतकऱ्याला दुसरी पट्टी मिळण्यापासून वाचवणारी सगळ्यात भक्कम गोष्ट हीच. 'चुकलं_तर' माझा हात थांबवतं. हात नाही थांबला तरी वही थांबवते.

आणखी एक. काही लायब्ऱ्या एकच कॉलबॅक दोनदा बोलावतात. मी वापरलेल्या काट्याच्या ड्रायव्हरनं हे केलं होतं : वेळ संपल्याची चूक आधी द्यायची आणि मग उशिरा आलेलं वजनही द्यायचं. 'चुकलं_तर' दोन्ही वेळा इमानानं आपलं काम करतं, म्हणजे शेवटही होतो आणि पुढचं कामही. म्हणून 'एकदाच' नावाचं दुसरं छोटं वेष्टण लिहिलं. पहिल्यांदा बोलावलं की चालतं, दुसऱ्यांदा आलं तर काम करत नाही, पण गप्पही बसत नाही, नोंदवहीत लिहून ठेवतं. ते लिहिणं महत्त्वाचं. गिळलेली चूक परत कधी वर येईल सांगता येत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुका. लाईट गेली, कागद संपला, केबल सुटली, या जगाच्या चुका. त्या चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत येतात आणि त्यांच्यासाठी ही सगळी वाट आहे. पण मी 'वजन' ऐवजी 'वजण' लिहिलं आणि आत काही फुटलं, तर ती चिठ्ठीत येत नाही, ती फेकली जाते. सुरुवातीला मी तीही पकडून 'शेवट'कडे पाठवत होते. आता नाही. आपल्याच कोडावर भरवसा उरला नसेल तर पुढची पट्टी करायचीच नाही : नोंद करायची, प्रोसेस बंद पडू द्यायची आणि ताजी सुरू करायची. अर्धवट हिशोबानं चालत राहिलेल्या दुकानापेक्षा दोन मिनिटं बंद दुकान परवडतं. यावर माझे आणि पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचे वाद होतात, ती म्हणते सर्व्हर कधीच पडता कामा नये. तिनं तो इंग्रजी शब्द छापलेली पट्टी कोणाच्या हातात बघितलेली नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात यार्ड ओस होतं तेव्हा मी सगळं 'असिंक-अवेट'मध्ये (उत्तराची वाट बघून मगच पुढच्या ओळीवर जायची लिहिण्याची पद्धत) उतरवलं. नोड ८ मध्ये जुन्या कॉलबॅकवाल्या फंक्शनांना प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराचा वायदा, देणारं करून घेण्याची सोय आली होती, त्यामुळे आठवडाभरात झालं. कंसांची माळ गेली. ट्राय-कॅचही खरंखुरं कामाला आलं, कारण 'अवेट' लावलेल्या ठिकाणी राखणदार उठून जात नाही, उत्तर येईपर्यंत बांधावरच असतो. प्रॉमिसची कल्पना काही आजची नाही. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह आणि लिउबा श्रिरा यांनी दूरदूरच्या यंत्रांमधल्या कामांसाठी तिच्यावर १९८८ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. आपल्यापर्यंत ती जावास्क्रिप्टच्या प्रमाण रूपात पोचायला २०१५ उजाडलं.

पण विसरायचा शब्द बदलला, एवढंच. आधी 'रिटर्न' विसरत होते, आता 'अवेट'. 'अवेट' विसरला की काम सुरू होतं आणि त्याची चूक कोणाच्याच हाती लागत नाही. नोड १५ येईपर्यंत, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत, अशा बेवारस चुकीबद्दल पडद्यावर नुसती ताकीद यायची आणि प्रोग्रॅम चालू राहायचा. आता प्रोसेस पडते, आणि पडते ते मला बरं वाटतं. संध्याकाळचे राहिलेले एसएमएस एकदम पाठवताना 'प्रॉमिस डॉट ऑल' वापरू नका, हेही जाता जाता. एखादा चुकला की ते लगेच हात वर करतं, बाकीचे तिकडे चालूच असतात आणि त्यांचं काय झालं ते तुम्हाला कळत नाही. 'ऑल सेटल्ड' सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत थांबतं आणि प्रत्येकाचा वेगळा सांगतं.

हे सगळं आज लिहायला बसले ते एका मुलामुळे. रविवारी माझ्याकडे पॉलिटेक्निकची चार-पाच मुलं येतात. त्यातल्या एकानं गावातल्या दूध संकलनासाठी प्रोग्रॅम लिहिलाय : फॅट मोजणाऱ्या यंत्रावरून आकडा घ्यायचा, दर लावायचा, नोंद करायची. यंत्राची लायब्ररी जुनी, सगळी कॉलबॅकवरची. कोड बघितला तर पाच पायऱ्या, पाच तपासण्या आणि तिसऱ्या तपासणीत 'रिटर्न' नाही. मी काही बोलले नाही. खणातून ती पट्टी काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं वरचा शब्द वाचला, मग स्वतःचा कोड वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, माझ्यात फॅट अनडिफाइंड आली तर दर किती लागंल?" गणित केलं तर उत्तर 'संख्या नाही' असं येतं, आणि तेच आकड्याच्या जागी बसून एखाद्या बाईच्या सकाळच्या दुधापुढं लिहिलं जाईल. तो उठला आणि पाचही तपासण्या पुसून 'चुकलं_तर' लिहायला लागला. पायरीचं नाव घालायला मी सांगायच्या आधीच त्यानं विचारलं, कुठलं यंत्र होतं ते कसं कळणार?

तासाभरानं आम्ही यंत्राची केबल चालू कामात उपटून बघितली. पडद्यावर आलं : 'खातं ३२, फॅट मोजताना, यंत्राकडून उत्तर नाही'. नोंद झाली नव्हती. पावतीही छापली गेली नाही. मग डेटाबेस अडकवून बघितला, मग इंटरनेट बंद करून. छपाईयंत्रातला कागद काढून बघायचा राहिलाय, कारण सहाला त्याची उदगीरची गाडी होती. तो पुढच्या रविवारी.